मागे स्त्रीचा आवाज

मेधाच्या कानात कुणीतरी ‘अहो’ म्हणालं.

दुपारचे साडेतीन वाजले होते. चौथ्या मजल्यावर एप्रिलच्या मानाने गार होतं आणि पलीकडच्या टेबलावर तिची वरिष्ठ, फिओना, संत्रं सोलत बसली होती. मेधाने मान वर करून इकडेतिकडे पाहिलं आणि मग ती स्वतःशीच ओशाळली. आवाज हेडफोनमधून आला होता. या मजल्यावर नऊ वर्षं ती हेच काम करत होती: ट्रिपल झीरोला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, केलेल्या ज्या कॉलमध्ये काही चुकलं, उशीर झाला, कुणी तक्रार केली, त्याचं रेकॉर्डिंग ऐकायचं, कितव्या सेकंदाला काय झालं ते लिहायचं. पोलिसांचे कॉल, आगीचे, अँब्युलन्सचे. सरकारने या सगळ्यांवर देखरेखीला नेमलेलं हे छोटं कार्यालय. तिने किंचाळ्या ऐकल्या होत्या, शिव्या ऐकल्या होत्या, नुसता श्वास चालू असलेली सतरा मिनिटं ऐकली होती. पण तो शब्द तिने इथे कधी ऐकला नव्हता. ती स्वतःही तो कधी वापरत नसे. नवऱ्याला शैलेंद्रच म्हणायची, अरेतुरे करायची. ‘अहो’ हा आईचा शब्द होता. सोलापूरच्या घरात तो स्वयंपाकघरातून निघायचा, मधल्या खोलीतून वळायचा आणि ओसरीवर रेडिओ ऐकत बसलेल्या बाबांपर्यंत पोचायचा. कधी त्यात ‘जेवायला या’ असायचं, कधी ‘पुरे आता’, आणि कधी नुसतीच ती दोन अक्षरं असायची, माणूस जागेवर आहे ना एवढं पाहायला. तिने रेकॉर्डिंग वीस सेकंद मागे नेलं.

प्रकरण सोपं होतं, जवळजवळ संपलंही होतं. गेल्या ऑगस्टमध्ये, एका मंगळवारी सकाळी सव्वादहाला, डँडेनॉन्गजवळच्या एका घरातून प्रल्हाद नावाच्या शहात्तर वर्षांच्या माणसाने फोन केला होता. बायको विमल स्वयंपाकघरात कोसळली होती. मुलगा आणि सून कामावर. प्रल्हाद तुटक इंग्रजीत बोलत होते, मध्येच मराठीत जात होते, परत इंग्रजीत येत होते. कॉल घेणाऱ्या मुलीने पत्ता विचारला, त्यांनी सांगितला. तिने परत विचारला, त्यांनी परत सांगितला. त्या भागात हेझलडीन कोर्ट नावाचा रस्ता आहे आणि दीड किलोमीटरवर हेझलडीन क्लोज नावाचाही आहे. गाडी आधी क्लोजला गेली. तीन मिनिटं वीस सेकंद त्यात गेली. पॅरामेडिक पोचले तेव्हा विमलबाईंचा श्वास थांबलेला होता. मुलाने, निनादने, तक्रार केली. डॉक्टरांचं मत फाइलला जोडलेलं होतं: छातीतली मोठी रक्तवाहिनी फाटली होती, तीन मिनिटांनी काही बदललं नसतं. शुक्रवारी अहवाल द्यायचा होता. प्रल्हाद जे मराठीत बोलले होते त्याचं भाषांतर प्रमाणित दुभाष्याने करून दिलं होतं, ‘देवा’, ‘लवकर या’, ‘तिचे हात गार पडलेत’. आणि तीन मिनिटं बाराव्या सेकंदाला, कंसात, इंग्रजीत एवढंच: मागे स्त्रीचा आवाज, अस्पष्ट.

तिने डोळे मिटले आणि आवाज वाढवला. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनची घरघर. प्रल्हाद दाराशी असावेत, बाहेर पाहत. त्यांचा श्वास फोनवर आपटत होता. ‘कोर्ट,’ ते म्हणत होते. ‘हेझलडीन कोर्ट. सी, ओ, यू.’ अगदी स्वच्छ. मुलगी म्हणत होती, ‘ओके प्रॅलाड, स्टे विथ मी.’ आणि त्या दोघांच्या मागे, घरघरीच्या खालून, जमिनीवरून यावा तसा, ‘अहो.’ मग थोडी जागा. मग, ‘बरोबर सांगितलंत. येतील ते.’ पुन्हा जागा, मोठी. ‘तुम्ही बसा आधी.’ मग काही नाही.

तिने ते अकरा वेळा ऐकलं. बाराव्या वेळी तिला भीती वाटायला लागली की असं कुणी बोललेलंच नाही. फॅनची घरघर आहे, कण्हणं आहे, आणि वाक्य आपला कान रचतोय. कानाला सवय असते. आई गेल्यावर कितीतरी महिने प्रेशर कुकरच्या शिटीआधी जी सूं होते तिच्यात तिला स्वतःचं नाव ऐकू यायचं. ग्लेन वेव्हर्लीच्या त्या स्वच्छ, पांढऱ्या किचनमध्ये ती गॅस बारीक करून उभी राहायची आणि उर्वी विचारायची, ‘मम्मा, व्हॉट आर यू डूइंग?’ तेव्हा ती म्हणायची, काही नाही, शिट्या मोजतेय. आता परक्या घरातल्या परक्या बाईच्या शेवटच्या श्वासातून तिला आपलीच आई ऐकू येत असेल तर त्याला पुरावा म्हणत नाहीत. आणि तरी ‘सांगितलंत’ मधला तो त... तो कुणी मनाने रचत नाही. कण्हणारं माणूस ‘सांगितलंत’ असं कण्हत नाही.

फाइलमध्ये प्रल्हादांचा जबाब होता. तिने तो पुन्हा काढला. त्यात त्यांनी दोनदा सांगितलं होतं की पत्ता सांगताना माझंच चुकलं असणार, माझा उच्चार त्यांना कळला नाही. आणि शेवटी, कुणी विचारलं नसताना: डाव्या कानाने मला ऐकू येत नाही, फोन उजव्या कानाला होता. मी परत आत गेलो तेव्हा ती बोलत नव्हती. ती काही न बोलता गेली.

फिओना संत्र्याची फोड पुढे करून म्हणाली, ‘यू ओके?’ मेधाने ती फोड घेतली, तोंडात टाकली आणि सगळं सांगितलं. फिओना वाईट बाई नव्हती. तिने हेडफोन लावून ऐकलंही, पण तिला अर्थात घरघरच ऐकू आली. ‘मेधा, याने टाइमलाइनमध्ये काय बदलतं?’ तिने विचारलं. काही नाही. ‘निष्कर्षात?’ तेही नाही. मुलीने कोर्टच्या जागी क्लोज निवडलं, ही चूक आधीच नोंदली आहे. ‘आणि तू त्यांच्याच भाषेची. तू स्वतः भाषांतर करून घातलंस तर उद्या कुणीही बोट दाखवील. शिवाय त्या म्हाताऱ्या माणसाला आठ महिन्यांनी हे सांगायचं? जखम भरत आली असेल.’ हे सगळं खरं होतं. मेधा ‘नो वरीज’ म्हणाली. हा शब्द ती इथे आल्यावर पहिल्या महिन्यात शिकली होती, आणि पुढच्या वीस वर्षांत तिच्या लक्षात आलं होतं की काळजी सर्वांत जास्त असते तेव्हाच तो तोंडून निघतो.

संध्याकाळी सहाला ती उर्वीच्या स्विमिंगच्या बाहेर गाडीत बसली होती. काचेवर आतून वाफ धरली होती. सोलापुरात दीड वाजला असेल, बाबा जेवून आडवे व्हायच्या बेतात असतील. तिने फोन लावला. पद्माकर नाव, एकोणऐंशी वय. पस्तीस वर्षं अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूममध्ये फोनवर काढलेली. ते अजूनही फोन उचलून हॅलो म्हणत नाहीत. ‘कुठनं बोलतेस?’ त्यांनी विचारलं. ‘गाडीतनं, बाबा. उभी आहे गाडी.’ लहानपणी त्यांनी तिला आणि तिच्या भावाला हेच शिकवलं होतं: फोन लागला की आधी जागा सांगायची, मग काय झालं ते, रडायचं ते शेवटी. शाळेत तिच्या मैत्रिणी या गोष्टीला हसायच्या. ऑफिसचं बाहेर सांगायचं नसतं हे तिला माहीत होतं, बाबांनाही माहीत होतं. म्हणून तिने वेगळंच विचारलं. ‘बाबा, तुम्ही तेलुगू कशापायी शिकलात?’

पलीकडे खाटेची दोरी कुरकुरली; ते उठून बसले असावेत. ते तेलुगू शिकले हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. विणकरांच्या वस्तीतल्या पद्माबाई शेजारी राहायला आल्या तेव्हा संध्याकाळी त्यांच्या कट्ट्यावर बसून बाबा वहीत शब्द उतरवून घ्यायचे: पाणी, आग, कुठे, किती. आई चिडवायची, आता या वयात परीक्षा द्यायची आहे का. का शिकताय, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. ‘अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट,’ बाबा म्हणाले. ‘यंत्रमागाच्या कारखान्यातनं फोन आला. बाई होती. नुसतं तेलुगू. मला एक अक्षर कळेना. गल्लीचं नाव तेवढं कळलं, ते पण अर्धं. गाडी मागच्या गल्लीत गेली. पुढं फिरून पोचेस्तोवर ती धुरानं गेली होती. तिची दोन पोरं रस्त्यावर उभी होती, धडधाकट.’ वाफ धरलेल्या काचेतून कुणाची तरी पिवळी पिशवी पुढे सरकत गेली. ‘रजिस्टरात मी माझं नाव लिहिलं. माझ्याकडनं गल्ली चुकली म्हणून. साहेब म्हणाले, खोडा ते, कोण विचारतंय. कुणी विचारलंही नाही. पण सांगायचं ते हे नव्हे. वर्षा-दीड वर्षानं ती पद्माबाई कट्ट्यावरनं ओरडून कुणाला तरी सांगत होती, पिल्ललु बैट उन्नारु. मी विचारलं, म्हणजे काय हो? म्हणाली, पोरं बाहेर आहेत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती बाई फोनवर तेच म्हणत होती. चार वेळा. मला आवाज आठवत होता, नुसता आवाज, अर्थ नव्हता. तो त्या दिवशी आला. पोरं बाहेर आहेत. तिनं आधी पोरांना बाहेर काढलं होतं आणि मग फोनपाशी गेली होती.’

‘तुम्ही सांगितलंत त्यांना?’ मेधाने विचारलं. ‘नाही. लोक म्हणायचे, पोरं आपली आपण पळाली म्हणून वाचली, आई आतच बसली येड्यासारखी. बाप पण तसंच म्हणायचा. मी एकदा गेलो होतो त्या गल्लीत. दारापर्यंत. मग वाटलं, आता कशाला. आणि माझी चूक पण सांगावी लागली असती ना. पुढं रस्ता रुंद झाला, ते लोक भिवंडीला गेले म्हणतात. ती पोरं आता तुझ्याएवढी असतील.’ पुन्हा दोरी कुरकुरली. ‘त्यांना कळायला हवं होतं, मेधा. ते माझं नव्हतं, त्यांचं होतं. माझ्याकडे राहून गेलं.’ इतक्यात मागचं दार उघडून उर्वी ओल्या केसांनी आत आली, क्लोरीनचा वास घेऊन, आणि म्हणाली, ‘इज दॅट आजोबा? हाय आजोबा.’ आणि बाबा लगेच नेहमीच्या आवाजात म्हणाले, ‘कुठनं बोलतीस गं?’ ती म्हणाली, ‘फ्रॉम द बॅक सीट.’

त्या रात्री मेधाला चांगली झोप लागली, याचं तिला सकाळी आश्चर्य वाटलं. ट्रेनमध्ये उभ्याने तिने फोनवरच लिहून काढलं आणि नऊ वाजता ते एक पान फिओनापुढे ठेवलं. तिने त्यात स्वतःचं भाषांतर घातलं नव्हतं. एवढंच लिहिलं होतं की रेकॉर्डिंगमध्ये मृत व्यक्तीचं बोलणं आहे असं मानायला जागा आहे, ते अस्पष्ट म्हणून सोडून देण्यात आलं आहे, आणि ते दुसऱ्या दुभाष्याकडून, मला काय ऐकू आलं हे त्याला न सांगता, तपासून घ्यावं. फिओनाने वाचलं. ‘अहवाल शुक्रवारी जाणार नाही मग,’ ती म्हणाली. नाही जाणार. ‘आणि त्याने सांगितलं की काहीच नाही, तर?’ मेधा म्हणाली, तर मी गप्प बसेन. आपण गप्प बसू शकणार नाही हे तिला कळत होतं, आणि कदाचित फिओनालाही कळलं असावं, कारण ती पुढे काही विचारायला थांबली नाही; खाली सही करून तिने कागद परत सरकवला.

दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत मेधाने इतर कामं केली. बॅलराटच्या बाजूचा गवताचा वणवा, एका पोलीस ठाण्यात वेळेवर न उचललेला फोन. पण चालताना, भाजी निवडताना, शैलेंद्र काहीतरी सांगत असताना तिचा कान मागेच असायचा. शैलेंद्र बोलायचा थांबला आणि पुढच्या खोलीत गेला की खालच्या पट्टीत काय हलतं ते ती ऐकायची. फ्रीज. पाइपातलं पाणी. उर्वीची पेन्सिल. किती गोष्टी आपण अस्पष्ट म्हणून सोडून देतो. एकदा तो आत टीव्ही पाहत होता आणि ती काही कारण नसताना ‘अरे,’ म्हणाली. ‘काय गं?’ तो तिकडून म्हणाला. ‘काही नाही.’ तिला तेवढंच हवं होतं. दुभाष्याचं उत्तर आलं तेव्हा ती जिन्यात होती. तिने जिन्यातच वाचलं. त्याने पहिली दोन वाक्यं जशीच्या तशी दिली होती. तिसऱ्यात त्याला ‘आधी’ ऐकू आलं नव्हतं. त्याने ‘तुम्ही बसा जरा’ लिहिलं होतं. म्हणजे त्याने ते स्वतःच्या कानाने ऐकलं होतं; त्या एका शब्दाच्या फरकाने तिचा विश्वास बसला. ती पायरीवर बसली आणि बरंच रडली, मग तोंड धुऊन वर गेली.

घरच्यांना रेकॉर्डिंग ऐकवायचं असेल तर त्याची रीत ठरलेली होती: छोटी खोली, टिश्यूचा डबा, एक समुपदेशक बाई, हवं तेव्हा थांबवता येईल हे आधी सांगणं. प्रल्हाद इस्त्रीचा शर्ट, वर हातविणीचा स्वेटर घालून आले. निनाद मागून, ऑफिसचा पास गळ्यातच राहिलेला. त्याने मेधाशी इंग्रजीत सुरुवात केली, तक्रार क्रमांकासकट; ती मराठीत बोलल्यावर क्षणभर थबकला आणि मग त्याचा आवाज एकदम थकलेला झाला. ‘मी यांना हजार वेळा सांगितलं होतं,’ तो म्हणाला, ‘दारामागे पत्ता लिहून चिकटवला होता. स्पेलिंग सांगा, नुसतं वाचून दाखवा म्हणून.’ प्रल्हाद खाली पाहत होते. चिंचवडला स्कूटरच्या कारखान्यात टूल रूममध्ये आयुष्य गेलेला माणूस. त्याच्या हाताची बोटं एकमेकांत नीट बसवलेली होती. ‘माझं चुकलंच ते, मॅडम,’ ते म्हणाले. ‘त्या पोरीला काय बोल लावायचा.’

‘काका,’ मेधा म्हणाली, ‘तुमचं चुकलं नाही. तुम्ही कोर्ट म्हणालात. तीन वेळा. स्पेलिंगसुद्धा सांगितलंत. अहवालात तसं लिहिलंय.’ निनादने वडिलांकडे पाहिलं. प्रल्हादांचा विश्वास बसलेला दिसला नाही. सरकारी माणसं समजूत घालतात तशी ही घालते आहे असं त्यांना वाटलं असावं. मग तिने दुसरी गोष्ट सांगितली, जितक्या साध्या शब्दांत जमेल तितक्या साध्या शब्दांत: काकू तुमच्याशी काही बोलल्या आहेत, ते तुम्हाला ऐकू गेलं नव्हतं, ते इथे आहे. नको असेल तर ऐकू नका. निनाद म्हणाला, ‘बाबा, आपण विचार करून...’ पण ते उठून उभे राहिले होते. खुर्ची पुढे केली तर नको म्हणाले. हेडफोन तिने त्यांच्या डोक्यावर बसवला, उजव्या कानावर नीट दाबला. स्वतःचा आवाज ऐकून त्यांचा चेहरा आक्रसला. ओठ हलायला लागले, सी, ओ, यू. मग ओठ थांबले.

मेधाने पुष्कळ चेहरे पाहिले होते, त्यामुळे ती खिडकीकडे बघत राहिली. ‘परत,’ ते म्हणाले. तिने परत लावलं. या वेळी ते ऐकता ऐकता मागे हात नेऊन खुर्ची चाचपू लागले, आणि सावकाश, गुडघ्याला जपत, खाली बसले. हेडफोन काढून त्यांनी तो निनादच्या कानांवर चढवला, लहान मुलाला टोपी घालावी तसा, आणि तो ऐकत असताना त्याचा दंड धरून ठेवला. निनादने ऐकलं. त्याने पास गळ्यातून काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कितीतरी वेळाने प्रल्हाद मेधाला म्हणाले, ‘तू कुठली गं?’ सोलापूर, ती म्हणाली. त्यांनी मान हलवली. ‘एकावन्न वर्षं संसार झाला. भाजी आणली तर चुकीची, नातेवाइकांत बोललो तर चुकीचं. बरोबर सांगितलंत, असं ती मला पहिल्यांदाच म्हणाली.’ आणि ते हसले. निनादही हसायला लागला, रडता रडता, आणि त्यांच्याच शेजारच्या खुर्चीत येऊन टेकला. म्हणाला, ‘बाबा, सॉरी.’ प्रल्हादांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. तो त्यांच्या डाव्या बाजूला बसला होता. निघताना दारात ते वळले. ‘ती फोनवरची पोरगी,’ त्यांनी विचारलं, ‘तिची नोकरी आहे ना अजून? तिलाही सांगा, विमल काय म्हणाली ते. इतका वेळ बोलत होती बिचारी माझ्याशी.’

त्याला नियमात जागा नव्हती, मनाईही नव्हती. फिओना म्हणाली, मी पाहिलं नाही असं समज. दोनच दिवसांनी, गुरुवारी, मेधा त्या मुलीला भेटली. ब्री, सव्वीस वर्षांची, नखं कुरतडलेली. ती ऑगस्टनंतर कॉल घेत नव्हती, ड्यूटीचं वेळापत्रक लावायच्या कामाला गेली होती. ती ताठ बसली. तिला वाटलं आणखी काही चौकशी आहे. मेधाने नाही म्हटलं. ‘तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये मागे एक बाई बोलते.’ ब्रीचे डोळे लगेच भरले. ‘आय नो,’ ती म्हणाली. ‘मला ती रोज ऐकू येते. गाडी चालवताना जास्त. मला वाटतं ती हेल्प म्हणत असणार. मी चुकीच्या रस्त्यावर गाडी पाठवत होते आणि ती मला बोलावत होती.’

‘नाही,’ मेधा म्हणाली. ‘ती नवऱ्याशी बोलत होती. तुम्ही पत्ता बरोबर सांगितलात, म्हणाली. ते येतील, म्हणाली. तुम्ही आधी बसा, म्हणाली.’ तिने ते इंग्रजीत सांगितलं, मग मराठीत जसंच्या तसं म्हणून दाखवलं, आणि पहिल्यांदाच ते शब्द स्वतःच्या तोंडातून ऐकले. ब्री ऐकत राहिली. बाहेर कॉरिडॉरमधून कुणी हसत गेलं. तिने बाहीने नाक पुसलं.

‘अँड डिड ही?’ तिने विचारलं. ‘बसला का तो?’

‘तेव्हा नाही,’ मेधा म्हणाली. ‘परवा बसले.’